विश्लेषण : पडद्यावरचे भूत घरापर्यंत का येते? सर्वाधिक घाबरवणाऱ्या चित्रपटांत असते तरी काय?

रबाळे : रात्री अकराच्या सुमारास ट्रान्स हार्बर मार्गावरच्या या स्थानकात दोन प्रकारची माणसे एकमेकांना ओलांडून जातात. एमआयडीसीतली दुसरी पाळी संपवून घरी निघालेली आणि रात्रपाळीला निघालेली. कानात इअरफोन, हातात मोबाइल, आणि कुणाच्या ना कुणाच्या पडद्यावर एखादा अर्धवट राहिलेला भयपट किंवा ‘सत्य घटना’ म्हणून सांगितली जाणारी भुताची गोष्ट. भयपट आता चित्रपटगृहातून थेट तळहातावर आला आहे. सर्वांत भीतीदायक चित्रपट कोणता, या प्रश्नावर दहा जणांची अकरा मते होतील. माणूस पडद्यासमोर नेमका कशाला घाबरतो, याची उत्तरे मात्र संशोधकांच्या हाती बऱ्यापैकी लागली आहेत. ती समजून घेण्याचे कारण करमणुकीपुरते उरलेले नाही. भीती निर्माण करण्याची हीच तंत्रे आज कोणत्याही प्रमाणपत्राविना मोबाइलवर फिरतात आणि त्यांची किंमत महाराष्ट्राने एकदा पाच जीव देऊन मोजली आहे.

भयपटांची सध्या चलती का आहे?

आकडेच बोलके आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ‘स्त्री २’ने देशात ५०० कोटी रुपयांहून अधिक कमाई केली. त्याच वर्षी जूनमध्ये आदित्य सरपोतदार यांच्या ‘मुंज्या’ने १०० कोटींचा टप्पा गाठला, तोही नावाजलेल्या नायकाविना. कोकणातल्या पिंपळावरचे, मुंजीनंतर लग्नाआधी मेलेल्या पोराचे भूत हिंदी पट्ट्यातही चालले. सरपोतदार यांचाच ‘थामा’ २०२५ च्या दिवाळीत झळकला. सर्वांत रंजक कहाणी मात्र ‘तुंबाड’ची आहे. राही अनिल बर्वे दिग्दर्शित हा चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा त्याची कमाई १५ कोटींच्या आसपास होती. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लावला गेला आणि पहिल्या वेळच्या दुपटीहून अधिक गल्ला जमवून गेला. ओटीटीवर, मोबाइलवर आधीच पाहिलेला चित्रपट लोकांनी तिकीट काढून अंधारात पुन्हा पाहिला.

यातले बहुतेक यश विनोदी भयपटांचे आहे, हे नोंदवायला हवे. हसू आले की भीतीची धार बोथट होते आणि तीन पिढ्यांचे कुटुंब एकत्र तिकीट काढू शकते. निर्मात्यांना ते परवडते. निव्वळ घाबरवणारा चित्रपट काढणे आजही जोखमीचेच आहे.

सर्वांत भीतीदायक चित्रपट मोजून ठरवता येतो का?

तसा प्रयत्न झाला आहे. ब्रिटनमध्ये ब्रॉडबँडच्या दरांची तुलना करणाऱ्या एका कंपनीने २०२० मध्ये ५० जणांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रे लावून भयपट दाखवले. त्यात २०१२ चा ‘सिनिस्टर’ अव्वल ठरला. एरवी मिनिटाला सरासरी ६५ असणारे ठोके हा चित्रपट पाहताना सरासरी ८६ वर गेले. सर्वांत मोठा एकच झटका मात्र ‘इन्सिडियस’चा होता, १३३ ठोक्यांचा. पुढच्या वर्षी ‘होस्ट’ पहिला आला. टाळेबंदीत बनवलेला, तासाभराहून छोटा आणि आख्खा व्हिडीओ कॉलवर घडणारा हा चित्रपट.

हा उपक्रम अर्थातच प्रसिद्धीचा होता. ५० ब्रिटिश प्रेक्षकांवरून जगाचा निवाडा होत नाही आणि ठोके वाढणे म्हणजेच भीती असेही नाही, जिना चढतानाही ते वाढतात. पण त्यातून एक फरक स्पष्ट होतो. ‘इन्सिडियस’चा १३३ चा झटका म्हणजे दचकणे. अचानक काहीतरी समोर येते, अंग उडते आणि पाच सेकंदांत सारे हसू लागतात. ‘सिनिस्टर’ची ८६ ची सरासरी म्हणजे दीड-दोन तास न उतरलेला ताण. दचकवणे सोपे असते, पाठीमागून कुणी ‘भो’ केले तरी माणूस दचकतो. लोक वर्षानुवर्षे ज्याची आठवण काढतात ती भीती दुसऱ्या प्रकारची असते.

मग माणूस नेमका कशाला घाबरतो?

फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये याचा छडा लावण्याचा प्रयत्न केला. त्यांनी आधी गेल्या शतकभरातील १०० गाजलेले भयपट घेऊन लोकांना विचारले, मग ‘इन्सिडियस’ आणि ‘कॉन्ज्युरिंग २’ हे चित्रपट पाहणाऱ्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. लोकांनी सांगितले ते असे : मनाशी खेळणारे आणि खऱ्या घटनेवर आधारित म्हणवणारे चित्रपट अधिक घाबरवतात, आणि दिसणाऱ्या भुतापेक्षा न दिसणारे, केवळ सुचवलेले भूत कितीतरी अधिक छळते. स्कॅनमध्ये दोन वेगवेगळ्या हालचाली दिसल्या. काहीतरी येणार आहे अशी चाहूल लागते तेव्हा मेंदूतील पाहण्याचे आणि ऐकण्याचे भाग अधिक सजग होतात. प्रत्यक्ष झटका बसतो त्या क्षणी भावना आणि धोक्याचा निवाडा करणारे, ताबडतोब कृतीला लावणारे भाग पेटतात. म्हणजे चांगला भयपट आधी प्रेक्षकाचे कान टवकारतो आणि मगच दार उघडतो.

यात आणखी एक गोष्ट मिळवावी लागते आणि ती यंत्राने मोजता येत नाही. चित्रपट संपल्यावर प्रेक्षकाला ज्या जागी, ज्या माणसांत परत जायचे असते, तिथलीच एखादी वस्तू चित्रपटाने उचलली असेल तर भीती मुक्कामाला येते. अमेरिकेत क्रिस्टन हॅरिसन आणि जोन कँटर यांनी १९९९ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लहानपणी पडद्यावर पाहून बसलेल्या भीतीबद्दल विचारले. सुमारे ९० टक्के जणांना असा एक तरी प्रसंग आठवला आणि जवळपास चौथ्या हिश्श्याने त्याची अस्वस्थता अजूनही वाटते असे सांगितले. कँटर यांनी वर्षानुवर्षे जमवलेल्या अशा आठवणींत ‘जॉज’ पाहून पाण्यात उतरायला कचरणारी माणसे वारंवार भेटतात. शार्क समुद्रातला, आणि माणसे तलावाला बिचकतात.

हिंदी चित्रपटातही हा बदल टिपता येतो. ‘पुराना मंदिर’, ‘वीराना’ यांसारख्या रामसे बंधूंच्या चित्रपटांत भूत हवेलीत, तळघरात राहायचे. मुंबईकर प्रेक्षक ते पाहून किंचाळायचा आणि लोकल पकडून निवांत घरी जायचा, कारण त्याच्या चाळीला तळघर नव्हते. २००३ मध्ये रामगोपाल वर्मा यांनी ‘भूत’मध्ये हाच पाहुणा मुंबईतल्या उंच इमारतीच्या फ्लॅटमध्ये आणला. गाणी काढून टाकली आणि रिकामी लिफ्ट, बंद दूरचित्रवाणी संच, रात्री पाणी प्यायला उठलेली बायको एवढ्यावर काम भागवले. ऐरोली-घणसोलीतल्या टॉवरमध्ये रात्री दीड वाजता एकट्याने लिफ्टमध्ये शिरणाऱ्याला रामसेंची हवेली आठवत नाही. ‘भूत’मधली लिफ्ट आठवते.

‘तुंबाड’ची आजी इतकी का छळते?

या चित्रपटाची मुळेच तोंडी सांगितलेल्या गोष्टीत आहेत. बर्वे किशोरवयात असताना, १९९३ मध्ये, नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना नारायण धारप यांची एक कथा ऐकवली. धारपांची ‘आजी’ ही कथा स्वतः स्टीफन किंग यांच्या ‘ग्रामा’ या कथेवर बेतलेली. म्हणजे अमेरिकेतली म्हातारी धारपांच्या हातून मराठी घरात आली, तिथून भंडारा-गोंदियाच्या जंगलात एका मुलाच्या कानात शिरली आणि पंचवीस वर्षांनी पडद्यावर उतरली. शीर्षकातले गाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीमुळे मराठी वाचकाच्या परिचयाचे होते. बर्वे यांनी पहिला खर्डा लिहिला तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. पुढे सातशे पानांची चित्रकथा काढून झाली, निर्माते बदलले, २०१२ मध्ये केलेले चित्रीकरण मनासारखे न उतरल्याने पुन्हा लिहून पुन्हा केले गेले. पाऊस खरा हवा म्हणून पावसाळ्याची वाट पाहिली गेली. सासवडच्या पुरंदरे वाड्याच्या भिंतींनी उरलेले काम केले.

चित्रपटाचा पहिला भाग १९१८ मधला आहे. अंधारे घर, दोन लहान भाऊ आणि आत साखळीने जखडलेली, सतत भुकेली म्हातारी. तिला वेळच्या वेळी भरवायचे, जागी झाली तर हस्तरचे नाव घेऊन झोपवायचे. आई घरी परतत नाही आणि हे काम एका मुलावर येऊन पडते. भूत दूर राहिले, यात भीती आहे ती घरातल्या आजारी वृद्ध माणसाची, त्याच्या भुकेची, त्याच्याजवळ एकट्याने बसण्याची. ज्या घरात अंथरुणाला खिळलेली आजी होती आणि ‘जरा तिच्यापाशी बस’ म्हणून लहानपणी आत पाठवले गेले, त्या प्रत्येकाला हा प्रसंग कुठे टोचतो हे वेगळे सांगायला नको. ते कुणी बोलून दाखवत नाही, कारण आजीची भीती वाटणे हे पापच मानले जाते. चित्रपट ते बोलतो.

आणि नाव घेऊन झोपवण्याची ती युक्ती! ‘झोप, नाहीतर बागुलबुवा येईल’ हे मराठी आयांचे शतकानुशतकांचे हत्यार. गंमत म्हणजे ‘सिनिस्टर’मधला राक्षसही इंग्रजी बागुलबुवाच आहे. दोन देश, दोन भाषा, आणि अव्वल ठरलेली भीती एकच : मुलांना न्यायला येणारा कुणीतरी.

‘तुंबाड’चा दुसरा गुण शिस्तीचा. गर्भगृहात उतरण्याचे नियम प्रेक्षकाला आधीच सांगितलेले आहेत. पिठाची बाहुली, तिचे रिंगण, किती वेळात वर यायचे. नियम ठाऊक असला की तो मोडण्याची वाट पाहण्यातच जीव टांगणीला लागतो. नायक विनायक हा नियम सवयीने पाळू लागतो, बाहेर येऊन मोहरा मोजतो, पुन्हा जातो. हव्यासाला ऑफिसच्या वेळापत्रकाचे रूप येते. भुतापेक्षा हे वेळापत्रक अंगावर येते, असे म्हणणारे प्रेक्षक कमी नाहीत.

‘लपाछपी’तल्या उसाचे काय?

जुलै २०१७ मध्ये आलेला विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ हा गेल्या काही वर्षांतला सर्वांत धीट मराठी भयपट म्हणावा लागेल. देणेकऱ्यांपासून लपण्यासाठी शहरातले एक जोडपे उसाच्या फडातल्या एकाकी घरात आसऱ्याला येते. बायको, म्हणजे पूजा सावंत, आठ महिन्यांची गरोदर. घर सांभाळणारी तुळसाबाई, म्हणजे उषा नाईक, तिची काळजी घेते, आणि ही काळजीच हळूहळू संशयास्पद वाटू लागते. मुलांच्या खेळण्याचे आवाज येतात, मुले दिसत नाहीत.

परदेशी भयपटांत जंगल असते, इथे ऊस आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला फडाची भीती शिकवावी लागत नाही. उभ्या उसात दोन हातांपलीकडचे दिसत नाही, वारा नसतानाही पाते सळसळते आणि वाट एकदा चुकली की चारही बाजू सारख्याच. जुन्नर-शिरूर पट्ट्यात बिबट्या फडातच पिल्ले घालतो. तिथल्या आया संध्याकाळी मुलांना बांधावर एकटे सोडत नाहीत.

पण या चित्रपटाची खरी भीती उसापलीकडची आहे. कथेचा गाभा आहे स्त्री अर्भकांची हत्या. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या आणि बीड जिल्ह्यात ८०७. त्या नसलेल्या मुली पडद्यावर आल्या की प्रेक्षकाला ‘हे खोटे आहे’ असे स्वतःला समजावण्याची सोय उरत नाही. फुरिया यांनी हीच कथा हिंदीत ‘छोरी’ नावाने २०२१ मध्ये पुन्हा सांगितली. ती अधिक लोकांपर्यंत पोहोचली. मराठी मूळ अधिक खुपते, कारण तुळसाबाईची माया आणि धाक ज्या बोलीत येतात ती बोली घरातली आहे.

सरपोतदार यांच्या ‘झोंबिवली’ची (२०२२) जातकुळी विनोदी, तरी तिथेही धागा सापडतो. पाण्यातून पसरलेल्या साथीने डोंबिवलीकर झोंबी होतात, ही कल्पना पारसिकच्या डोंगराच्या अलीकडच्या-पलीकडच्या दोन्ही औद्योगिक पट्ट्यांना चांगलीच समजते. २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांत डोंबिवली एमआयडीसीतील रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले, २०२० मध्ये तिथला रस्ता गुलाबी झाल्याच्या बातम्या आल्या. रबाळे-महापे पट्ट्यात राहणारा माणूसही रात्री विचित्र वास आला की आधी खिडकी लावतो.

मुलांना तात्या विंचू विनोदी का वाटला नाही?

महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ मध्ये आला. लक्ष्मीकांत बेर्डे, भरपूर हशा, आणि रामदास पाध्ये यांनी घडवलेला बाहुला तात्या विंचू. मोठ्यांसाठी तो विनोदी चित्रपट. त्या दशकात वाढलेल्या पिढीला विचारा, कपाटावरची बाहुली रात्री भिंतीकडे तोंड करून ठेवणारी माणसे घरोघरी निघतील.

याचे स्पष्टीकरण कँटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत मिळते. सिंथिया हॉफनर यांच्यासह त्यांनी १९८५ मध्ये मुलांना एका म्हातारीची गोष्ट वेगवेगळ्या प्रकारे दाखवली. कुठे ती दिसायला कुरूप पण प्रेमळ, कुठे देखणी पण क्रूर. अगदी लहान मुलांनी तिला रूपावरून पारखले, मोठ्या मुलांनी वागण्यावरून. म्हणजे चार-पाच वर्षांच्या मुलाला कथा विनोदी आहे याचा उपयोग नसतो. त्याला दिसतो तो चेहरा. नऊ-दहा वर्षांच्या पुढे भीती सरकते ती घडू शकेल अशा गोष्टींकडे : चोर, पळवून नेणारी माणसे, आग, आई-बाबांचे मरण.

बाहुल्यांबाबत आणखी एक सिद्धांत आहे. जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये मांडले की आकृती माणसासारखी होत गेली की ती आवडू लागते, पण जवळजवळ माणूस आणि तरी माणूस नाही अशा टप्प्यावर एकदम नकोशी होते. डोळे मिचकावणारा, मराठीत शिव्या घालणारा बाहुला नेमका त्या टप्प्यावर बसतो.

आवाजाचे काम किती?

निम्म्याहून अधिक, असे भयपट बनवणारे सांगतात आणि त्याला आधार आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस केंद्रातील डॅनियल ब्लुमस्टीन हे मार्मोट नावाच्या खारीच्या कुळातील प्राण्यांवर काम करत. पकडलेल्या पिल्लाची कर्कश, फाटलेली किंकाळी ऐकून अंगावर काटा का येतो, या प्रश्नावरून त्यांनी १०२ चित्रपटांचे ध्वनी तपासले. भयपटांत अशाच फाटक्या, गोंगाटी ध्वनींचा वापर अधिक आढळला. संकटात सापडलेल्या पिल्लाचा आवाज ऐकून चवताळणे हे सस्तन प्राण्यांच्या हाडीमाशी आहे. व्हायोलिनच्या तारेवर गज खरवडला की तीच जागा दाबली जाते.

मोबाइलवर भयपट पाहताना हिशेब थोडा बदलतो. पडदा लहान असल्याने चित्राचा दरारा कमी होतो आणि कधीही थांबवता येते, ही सोय आहे. पण इअरफोनमुळे कुजबूज कानाच्या पडद्यापाशी येते, शेजारी ओरडणारे-हसणारे कुणी नसते आणि पाहण्याची वेळ बहुधा झोपण्याआधीची. २०१६ मध्ये झी मराठीवर रात्री साडेदहाला लागणारी ‘रात्रीस खेळ चाले’ सारे घर एकत्र पाहत होते. आकेरीच्या त्या वाड्याला घाबरण्यातही सोबत होती. आज तेच घर चार खोल्यांत चार मोबाइलवर घाबरते. (घाबरवणारी पार्श्वध्वनी हवी असेल तर रबाळ्याच्या डेटा सेंटरांजवळून रात्री चालावे. खिडक्या नसलेल्या त्या इमारतींची अखंड घरघर कोणत्याही ध्वनिसंयोजकाला हेवा वाटावी अशी आहे.)

पैसे देऊन घाबरायला लोक का जातात?

कारण सुरक्षित भीतीत मजा असते. डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातील संशोधकांनी भुताच्या घरात शिरणाऱ्या ११० जणांच्या हृदयाचे ठोके मोजले. फार कमी घाबरलेल्यांना मजा आली नाही, फार घाबरलेल्यांनाही नाही. मधल्यांना सर्वाधिक आली. मिसळीच्या तिखटासारखेच हे प्रमाण ज्याचे त्याचे वेगळे. करोनाकाळात झालेल्या एका पाहणीत भयपटांचे शौकीन मानसिकदृष्ट्या तुलनेने अधिक तग धरून असल्याचेही आढळले. भयपटामुळे ते खंबीर झाले की खंबीर होते म्हणून भयपट पाहत, हे त्यावरून ठरत नाही.

ही मजा एका अटीवर टिकून असते. हा चित्रपट आहे, तो संपणार आहे, दिवे लागणार आहेत, हे प्रेक्षकाला ठाऊक असते.

चित्रपट संपतो, पण फॉरवर्डचे काय?

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. ते भिक्षा मागणारे भटके होते. त्या काळात देशभर मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा आणि चित्रफिती व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. त्यातली एक प्रसिद्ध चित्रफीत मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेल्याची. मुळात ती कराचीत बनवलेली बालसुरक्षेची जाहिरात होती. मूळ चित्रफितीत शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि संदेश झळकतो. कुणीतरी तो शेवट कापला.

वर सांगितलेली सगळी सामग्री इथे आहे. सत्य घटनेचा दावा, संकटातले मूल, चेहरा न दिसणारा परका, आणि प्रेक्षकाच्या गल्लीसारखीच गल्ली. फक्त ‘समाप्त’ची पाटी नाही आणि दिवे लावणारा नाही. ‘सिनिस्टर’ पाहून माणूस दाराची कडी दोनदा तपासतो. ही चित्रफीत पाहून गाव हातात काठ्या घेते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एकावेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. अफवा थांबल्या असे नाही, दर काही महिन्यांनी मुले पळवणारी टोळी नव्या गावाच्या नावाने परत येते.

प्रमाणपत्राचे आणि कायद्याचे नियम काय?

२०२३ च्या सिनेमॅटोग्राफ सुधारणा कायद्याने ‘यूए’ या जुन्या प्रमाणपत्राचे तीन भाग केले : ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील आणि १६ वर्षांवरील. ही वयोमर्यादा पालकांना मार्गदर्शक आहे. ‘ए’ प्रमाणपत्राच्या चित्रपटाला मात्र १८ वर्षांखालील मुलांना चित्रपटगृहात सोडता येत नाही. ओटीटी मंचांना २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशीच वर्गवारी स्वतः करावी लागते आणि १३ वर्षांवरील गटापासून पुढे पालकांसाठी कुलूप द्यावे लागते. ते कुलूप किती घरांत लावलेले असते, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या मोबाइलला विचारावा. यूट्यूबवर कुणीही टाकलेल्या भुताच्या ‘खऱ्या’ चित्रफिती आणि रील्स मात्र या प्रमाणपत्राच्या जाळ्यात येतच नाहीत. पाच वर्षांच्या मुलापुढे त्या कार्टूननंतर आपोआप येऊ शकतात.

भुताचा चित्रपट बनवणे किंवा पाहणे हा गुन्हा नाही. पण भूत उतरवण्याच्या बहाण्याने कुणाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्यासाठी सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंडाची तरतूद आहे. तक्रार पोलीस ठाण्यातच करायची. रबाळे आणि रबाळे एमआयडीसी अशी दोन ठाणी या परिसरात आहेत. घाबरलेले, झोप उडालेले मूल ‘बाहेरचे लागले’ म्हणून एखाद्या बाबाकडे नेले जाते, तेव्हा या कायद्याची गरज लागते.

घरात मूल घाबरले तर?

‘ते खोटे असते’ हे वाक्य सात वर्षांखालील मुलावर फारसे चालत नाही, असे कँटर यांच्या अभ्यासातून दिसते. त्या वयात खरे-खोटे यांची सीमा धूसर असते. जवळ घेणे, सोबत झोपणे, दिवा लावून ठेवणे, आवडीचे खेळणे हातात देणे हे उपाय अधिक लागू पडतात. मोठ्या मुलांशी बोलावे, त्यांना चित्रीकरण कसे होते, रंगभूषा कशी करतात हे दाखवावे. बाहुल्याच्या आत हात घालून तो कसा बोलवतात हे पाहिलेल्या मुलाला तात्या विंचू पुन्हा तितका छळत नाही. त्याला भित्रा म्हणून भावंडांत चिडवू नये, आणि धाडस यावे म्हणून तोच प्रसंग जबरदस्तीने पुन्हा दाखवू नये.

बहुतेक मुलांची भीती काही दिवसांत ओसरते. कित्येक आठवडे झोप उडाली, मूल एकटे शौचालयात जाईना, शाळा टाळू लागले तर बालरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशकाला दाखवावे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, तो दिवसरात्र सुरू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. रात्रपाळीला गेलेल्या आई-बाबांनाही तो पाळी न सोडता लावता येईल.